फौजदाराची गुरगुर

दोन हजार सोळा साल. जानेवारीची बारा तारीख, मंगळवार. कडक हिवाळा. संध्याकाळी साडेसहाला एक मिस्त्री दुरुस्त केलेला पंप दुचाकीच्या मागे बांधून गिऱ्हाइकाकडे निघाला. गिऱ्हाईक म्हणजे फुलझाडांची रोपं विकणारा एक माणूस. त्याची बाग वस्तीपासून सहा किलोमीटरवर. पंप बसवायचा, चालू करून दाखवायचा, परत यायचं. एवढंच काम.

"काका, भुताची गोष्ट म्हणालात आणि हा पंप कुठून आणलात?" वरच्या मजल्यावरचा माझा भाडेकरू हसला.

"भूत पंपाच्या मागूनच येतं. ऐकायचं तर ऐक, नाहीतर वर जाऊन डास मार."

"अहो, बोलू द्या की त्यांना," त्याची बायको म्हणाली.

वीज गेली होती. आठ वाजून गेले होते. दोघं खाली माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसली होती. मेणबत्ती एकच, तीही माझी. तो मोबाइल दुरुस्त करतो, ती घरी कपडे शिवते. त्यांचं दहा महिन्यांचं पोर जमिनीवर रांगत होतं आणि त्यांचा कुत्रा, गुंड्या, दाराशी पडला होता. थोड्या वेळापूर्वी पोराने गुंड्याचा कान धरून ओढला. गुंड्याने तोंड फिरवलं. ओठ चाटले. डोळ्याचा पांढरा भाग दिसला. पण आवाज काही नाही.

"बघा काका," पोराचा बाप म्हणाला, "हूं नाही की चूं नाही. आधी बाळावर गुरगुरायचा. मी सवय मोडली. चार दिवस चपलेने हाणला, पाचव्या दिवशी सरळ."

"भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात," बायको म्हणाली. "आमचं तर भुंकतही नाही आणि गुरगुरतही नाही. नुसती गाय आहे."

मी म्हणालो, "बाळाला मांडीवर घे, मुली. एक गोष्ट सांगतो. झालेली आहे. माझ्या ओळखीच्या माणसाची."

"किती ओळखीच्या?" तो म्हणाला.

"चांगल्या."

म्हणून मी तारखेपासून सुरुवात केली. भुताच्या गोष्टी सांगणारे बहुतेक लोक 'फार वर्षांपूर्वी' म्हणतात आणि निसटतात. मला निसटायचं नव्हतं.

तर मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत. पण मोटारी आणि पंपांच्या कामात त्याचं नाव होतं. त्याच्या दुकानातून गेलेली मोटार मांजराच्या पावलांनी चालते, असं लोक म्हणायचे. हाताखाली जो कुणी शिकायला येई त्याला पहिल्या दिवशी तो एकच गोष्ट शिकवायचा. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. टोक चालू मोटारीच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. बेअरिंग खराब झालं असेल तर ते कण्हतं.

"मोटार ओरडते ती तुमच्यावर उपकार करते," तो म्हणायचा. "आधी का ओरडते ते बघा. कच्चा कारागीर काय करतो? ग्रीस कोंबतो. आवाज बंद. गिऱ्हाईक खूश. आठव्या दिवशी आस अडकतो आणि अख्खी मोटार जळते."

चाळीस वर्षं हे त्याने सगळ्यांना सांगितलं. हे ध्यानात ठेवा.

या मिस्त्रीकडे एक कुत्रा होता. दुकानाच्या दारात बसून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खालून वरपर्यंत न्याहाळायचा, म्हणून दुकानातल्या लोकांनी नाव ठेवलं फौजदार. शहाणा होता. मिस्त्री मोटारीखाली वाकलेला असला की नुसतं म्हणायचा, "फौजदार, आण." कुत्रा फळीवरून तो लांब स्क्रूड्रायव्हर तोंडात धरून आणून द्यायचा. मूठ लाकडाची, पण तिच्यावर कधी दाताचा ओरखडा उठला नाही. लोक बघायला थांबायचे. मिस्त्री वर मान करून बघायचाही नाही. असं दाखवायचा की माझ्याकडे सगळं असंच असतं.

घरात कोण? बायको आधीच गेलेली. एक मुलगा, सून, आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी. तिला घरात ठकी म्हणायचे. फौजदार तेव्हा दहा वर्षांचा झाला होता. म्हणजे कुत्र्यांमधला म्हातारा. त्या पावसाळ्यानंतर तो ठकीवर गुरगुरायला लागला. ती जवळ आली की घशातल्या घशात. गुरर्र. बस, तेवढंच.

सून म्हणाली, "बाबा, फौजदार ठकीवर गुरगुरतो. त्याला काही दुखत असेल का? तोवर दुकानातच ठेवूया."

साधी गोष्ट होती. पण नेमका तेव्हा समोरचा पेपरवाला दारात उभा होता. तो हसून म्हणाला, "मिस्त्री, सगळ्या मोटारींचे आवाज बंद करता, आणि घरच्या कुत्र्याचा होईना?"

मिस्त्रीला ते लागलं. म्हणाला, "माझा कुत्रा आहे. आठ दिवसांत आवाज बंद करतो."

मग तो रोज दुपारी ठकीला दुकानात न्यायचा. तिला फौजदाराजवळ बसवायचा. फौजदार गुरगुरला की पंपाच्या जुन्या रबरी पट्ट्याने त्याच्या नाकाडावर मारायचा. पोरगी बघायची. पहिल्या दिवशी रडली. मग रडायची थांबली. कुत्रा गुरगुरायच्या आत तीच त्याच्या कानाशी जाऊन सांगायची, "गप, फौजदार. गप."

आठ दिवस लागले नाहीत. सहाच लागले.

सुनेने विचारलं, "कसं केलंत, बाबा?"

"समजावलं त्याला."

पेपरवाल्याला मुद्दाम हाक मारून दाखवलं. ठकीने फौजदाराची शेपटी ओढली, फौजदार मुकाट. पेपरवाल्याने टाळी वाजवली. फक्त सून म्हणाली, "बाबा, हा शेपटी पोटात घालून का बसतो?" मिस्त्री म्हणाला, "तुला कुत्र्यातलं काय कळतं?"

तिला कळत होतं. त्यालाही कळायला हवं होतं. चाळीस वर्षं लोकांना तेच शिकवत होता.

इथे मी थांबलो. वरचा भाडेकरू हसत नव्हता. त्याने गुंड्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मग?" त्याची बायको म्हणाली.

मग दोन हजार पंधराची वीस डिसेंबर, रविवार, दुपार. मुलगा बाहेर गेला होता. सून गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली. हातात बादली. दारात थांबून म्हणाली, "बाबा, ठकीकडे लक्ष ठेवाल ना? फौजदार आतच आहे."

"ठेवतो."

एकच शब्द. ठेवतो.

ती वर गेली. दोन मिनिटांत मिस्त्रीचा फोन वाजला. आत नीट ऐकू येईना म्हणून तो रस्त्यावर जाऊन बोलू लागला. जाताना त्याने बघितलं होतं. ठकी फौजदाराला खेटून बसली होती. त्याचा कान धरून कानात आपल्या बाहुलीचं काहीतरी सांगत होती. फौजदार भिंतीकडे तोंड करून थिजल्यासारखा पडला होता. मिस्त्रीला वाटलं, किती गुणी.

गुरगुर झाली नाही. भुंकणं झालं नाही. एकदम पोरीची किंकाळी.

गालावर चावला. अकरा टाके पडले. डोळा बोटभर अंतराने वाचला.

दवाखान्याच्या लांब खोलीत सगळे जमले. सून भिंतीला टेकून उभी होती. कपडे वाळत घालायचे चिमटे अजून तिच्या मुठीत होते. मुलगा धावत आला. सगळ्यांदेखत ओरडला, "तू कुठे होतीस?"

"गच्चीवर. बाबांना सांगून गेले होते."

सगळ्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. पेपरवालाही होता तिथे. एक शब्द बोलायचा होता. हो.

मिस्त्री म्हणाला, "मला कुठे सांगितलं? मी बाहेर फोनवर होतो. आणि कुत्रा तरी एकाएकी कसा उलटला? इतक्यात तर एकदाही गुरगुरला नाही."

करून सवरून नामानिराळा. सगळं खापर सुनेच्या डोक्यावर. ती भांडली नाही. सासऱ्याकडे नुसतं बघितलं. मग मुठीतले चिमटे एकेक करून पिशवीत टाकले.

"शी," मांडीवरच्या बाळाला धरून वरची मुलगी म्हणाली. "काय माणूस हो!"

"हो," मी म्हणालो. "तसाच."

त्याच संध्याकाळी मिस्त्रीने फौजदाराला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. सांगितलं, चावला, संपवून टाका. डॉक्टरने त्याला टेबलावर घेतलं. तपासता तपासता कान उलटा केला आणि तसाच धरून राहिला. आत सगळं पिकलं होतं. दोन-तीन महिन्यांचं दुखणं, डॉक्टर म्हणाला.

"हात लावला तरी जीव जात असेल याचा. हा घरात कुणावर गुरगुरला नाही?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"नवल आहे," डॉक्टर म्हणाला. "कुत्रा आधी सांगतो. सांगितल्याशिवाय सहसा चावत नाही."

डॉक्टरने दुखऱ्या कानाला पुन्हा बोट लावलं. फौजदाराचं सगळं अंग थरथरलं. ओठ वर गेले, दात दिसले. त्याने मिस्त्रीकडे बघितलं. आणि आवाज गिळला. शिकवलेलं विसरला नाही तो. शेवटच्या सुईपर्यंत विसरला नाही.

मेणबत्ती फडफडली. दार लोटलेलं होतं, वारा नव्हता. मी वात सरळ केली.

आता पुन्हा बारा जानेवारी. तेवीस दिवस झाले होते. ठकीचे टाके निघाले होते. घरात मुलगा आणि सून बोलत नव्हते. बोलायचे तेव्हा एकच विषय. शेवटी मुलाने ठरवलं. बायकोला म्हणाला, "तू सहा महिने माहेरी राहा. ठकी इथेच राहील. तुझ्या भरवशावर मी तिला ठेवणार नाही. इथे बाबा आहेत."

बाबा आहेत. ऐकलंत ना? मिस्त्री तिथेच बसून जेवत होता. तरी घास खाली गेला त्याचा.

बुधवारी सकाळी सातला सुनेचा भाऊ तिला न्यायला येणार होता. म्हणजे एका आईची मुलगी तुटायला एक रात्र उरली होती. ते थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. ते एकाच माणसाजवळ होतं, आणि तो त्या संध्याकाळी पंप बसवायला गेला. पंप दुसऱ्या दिवशीही चालला असता. पण घरी थांबवेना.

काम संपवून आठ वाजून चाळीस मिनिटांनी तो परत निघाला. सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना बंद गोदामं. दिवे लांब लांब. माणूस नाही.

दोन किलोमीटर आला आणि आवाज लागला. बारीक, खर्जातला. मिस्त्रीचा कान तो. त्याने ठरवलं, मागच्या चाकाचं बेअरिंग. गाडी एका दिव्याखाली लावली. चाक हाताने फिरवलं. चाक मुकाट फिरलं. मग पेटीतून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. इंजिन चालूच होतं. टोक इंजिनाला, मूठ कानाला. इंजिन ठीक. खाली गिअरच्या पेटीला लावला. ठीक. सगळं ठीक होतं.

आवाज येत होता.

त्याने इंजिन बंद केलं.

आवाज येत होता.

गुरर्र... मग थांबणं. श्वास घ्यायला थांबतात तेवढं. मग पुन्हा... गुरर्र...

मिस्त्रीने मागे बघितलं. रस्ता मोकळा. बॅटरी मारली. गोदामांची कुलपं चमकली. बाकी काही नाही. तो चार पावलं पुढे गेला. आवाज चार पावलं पुढे आला. मागे आला. आवाज मागे. डावीकडे नाही. उजवीकडे नाही. लांब नाही.

त्याने गाडीला पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला. गप्प. दिव्याच्या खांबाला लावला. गप्प. जमिनीला. गप्प.

मग... का ते त्याला आजही सांगता येत नाही... त्याने टोक स्वतःच्या छातीवर टेकवलं. मान वाकवली. मूठ कानामागे लावली.

...

"काय होतं, काका?"

मी मेणबत्ती जरा पुढे सरकवली.

"आत होता?" तिने हळूच विचारलं.

मी मान हलवली.

स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातून पडला. रस्त्यावर वाजला, घरंगळत अंधारात गेला. मिस्त्रीने उचलला नाही. तीस वर्षं वापरलेलं हत्यार. गाडीला लाथ मारली आणि सुटला.

घरी पोचला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं. उंबऱ्याशी आवाज थांबला. त्याला वाटलं, थंडी. वय. कानाचा भ्रम. त्याने चेहऱ्यावर पाणी मारलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, ठकीला आताच तुमच्या खोलीत नेऊन झोपवा. सकाळी रडारड नको."

मिस्त्री आत गेला. छोटा दिवा लावलेला. सून पलंगाच्या कडेला बसली होती. खाली बांधलेली बॅग. ती उठली नाही. मान वर न करता म्हणाली, "झोपलीय. डाव्या कुशीवर नका ठेवू. गालाला उशी टोचते. रात्री पाणी मागते. झाकण नीट लावून ठेवा, नाहीतर सांडते."

इतकंच. शिवी नाही, शाप नाही. सासऱ्याने शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हं," मिस्त्री म्हणाला. आणि पोरीला उचलायला वाकला.

गुरर्र...

त्याच्या आणि पोरीच्या मधून. जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून.

हात तिथेच थांबले.

सुनेने पाय वर ओढून घेतले. तिनेही ऐकलं होतं. "बाबा..." ती म्हणाली, "हा..."

मिस्त्रीने हात मागे घेतले. आवाज थांबला.

त्याने पुन्हा हात पुढे केले.

गुरर्र... मोठ्याने. पायजम्यावर ऊन श्वास लागला. ओला.

मुलगा दारात आला. "कसला आवाज?" त्याने मोठा दिवा लावला. तिघं. पलंग. बॅग. पलंगाखाली बघितलं. काही नाही. दिव्याच्या उजेडातही आवाज चालूच.

गुरर्र...

ठकीचे डोळे मिटलेले होते. झोपेतच तिने हात पलंगावरून खाली सोडला. हवेत. बोटं हलली. कुणाच्या तरी डोक्यावरून फिरवतात तशी.

"गप, फौजदार," ती झोपेत म्हणाली. "गप... आजोबा पट्ट्याने मारतील."

...

कुणी हललं नाही.

मुलगा म्हणाला, "काय म्हणाली ती?"

सुनेने मिस्त्रीकडे बघितलं.

"बाबा. काय म्हणाली ती?"

मिस्त्री खाली बसला. गुडघे धरून, जमिनीवर. आयुष्यात कुणापुढे जमिनीवर बसला नव्हता. म्हणाला, "ही मला सांगून गेली होती. लक्ष ठेवा म्हणाली. मी ठेवतो म्हणालो. आणि फोन घेऊन बाहेर गेलो." मग म्हणाला, "कुत्रा गुरगुरत होता. रोज सांगत होता. मी त्याला मारून मारून गप्प केलं. पोरीसमोर. मी."

शेवटच्या शब्दाला गुरगुर थांबली. दिव्याचं बटण दाबावं तशी.

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुनेने ठकीचा लोंबता हात उचलून पांघरुणात घेतला. मग म्हणाली, "हे दवाखान्यात बोलायचं होतं, बाबा."

"हो."

"उद्या माझ्या भावासमोर बोलाल?"

"बोलेन."

"आणि पेपरवाल्यासमोर?"

तो जरा थांबला. खरं सांगतो, तिथे तो थांबला. मग म्हणाला, "त्याच्यासमोरही."

सकाळी सातला तिचा भाऊ आला. मिस्त्री सगळं बोलला. समोरून पेपरवाल्याला बोलावून पुन्हा बोलला. पेपरवाला चप्पल शोधत निघून गेला. सून गेली नाही. दोन महिन्यांनी मात्र तिघांनी वेगळं घर केलं, आणि बरोबर केलं. आता मुलगी बारा वर्षांची आहे. सुटीत आजोबांकडे येते. गालावर पांढरी रेघ आहे. कुणी विचारलं तर म्हणते, "आमच्या फौजदाराचा कान दुखत होता." तिच्या आईने तिला तसंच सांगितलंय. आजोबांचं नाव त्यात येत नाही. मिस्त्रीला ते फार जड जातं.

"आणि स्क्रूड्रायव्हर?" भाडेकरूने विचारलं. "रस्त्यावर पडलेला?"

मला वाटलंच होतं, हत्यारांचा माणूस हत्याराचं विचारणार.

सकाळी सुनेच्या भावाला दार उघडायला मिस्त्री गेला, तेव्हा तो उंबऱ्यावर होता. आडवा ठेवलेला. मूठ घराकडे. फौजदार असाच ठेवायचा, मूठ मालकाकडे. घर ते गोदामं चार किलोमीटर. मुठीवर पूर्वी कधी ओरखडा नव्हता. आता...

मी उठलो. आतल्या फळीवरून काढून आणला आणि मेणबत्तीपुढे ठेवला.

तिने बाळाला खाली ठेवलं आणि तो हातात घेतला. मूठ फिरवून बघितली. एका बाजूला दोन भोकं, दुसऱ्या बाजूला दोन. बोटाचं टोक आत जाईल एवढी खोल. तिने एकात बोट घातलं आणि झटकन काढलं. मग मुठीच्या बुडाशी कोरलेली दोन अक्षरं बघितली. तीच दोन अक्षरं माझ्या दुकानाच्या पाटीवर आहेत. रोज ती त्या पाटीखालून जिना चढते.

"काका," तिचा नवरा म्हणाला, "म्हणजे ते मिस्त्री..."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी मेणबत्तीकडे बघत होतो. दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं. म्हणालो, "सुनेवरचा ठपका त्याने पुसला. उशिरा का होईना. पण कुत्र्याचा आवाज घेतला तो घेतलाच. ते देणं अजून डोक्यावर आहे. तो कुत्रा गेला. आता आवाज परत कुणाला देणार? नऊ वर्षं मिस्त्री त्याच विचारात आहे."

खोली गार पडली होती.

बाळ रांगत दाराकडे निघालं होतं. गुंड्याजवळ पोचलं. हात पुढे केला. गुंड्याने तोंड फिरवलं. ओठ चाटले. बाळाने कान धरला.

गुरर्र...

तिघांनी ऐकलं. बाप ताडकन उठला. चप्पल दाराशीच होती. ती त्याच्या हातात आली. हात वर गेला.

वरच राहिला.

त्याने चप्पल खाली ठेवली. अगदी हळू. बाळाला उचलून खांद्याशी धरलं. मग गुंड्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "बरं बाबा. कळलं."

गुंड्याची शेपटी जमिनीवर एकदा आपटली.

फिटलं.